एका कानाचा गवई

वाङ्मयचौर्य हा आम्हा मराठीच्या प्राध्यापकांचा जिव्हाळ्याचा विषय. अमक्याची कविता तमक्या इंग्रजी कवितेवरून उचललेली, अमक्याचे नाटक तमक्या फ्रेंच नाटकाचे पोर, असे एकदा सिद्ध करून दाखवले की आमचे समाधान होते आणि वर एखादा प्रबंधही पदरात पडतो. पण उसने आणलेले पीठ एखाद्याने कसे मळले आणि त्याच पिठाची भाकरी त्याच्याच तव्यावर एवढी कशी फुगली, हे सांगायची वेळ आली की नेमकी तास संपल्याची घंटा होते. वर्गात मुले विचारतात, "सर, प्रभाव आणि चोरी यांत फरक काय?" त्यांना मी जे उत्तर देतो ते परीक्षेपुरते असते. खरे उत्तर द्यायचे तर मला मराठी वाङ्मयाची आळी सोडून पार अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर जावे लागते. वाचकहो, आज तुम्हालाही तिकडेच नेतो.

तिथली एक ध्वनिमुद्रिका आहे. 'पेट साउंड्स' तिचे नाव. 'बीच बॉइज' नावाच्या मंडळीची ही तबकडी कॅपिटॉल कंपनीने १६ मे १९६६ रोजी बाजारात आणली. तेरा रचना, एकूण वेळ छत्तीस मिनिटांच्या आसपास; म्हणजे आपल्याकडचा गवई तंबोरे जुळवून आलापीला नीट बसतो न बसतो तोच खेळ खलास. तिचा कर्ता ब्रायन विल्सन ११ जून २०२५ रोजी वारला. त्र्याऐंशी पुरी व्हायला नऊच दिवस राहिले होते. गेल्यावर सगळ्यांनी त्याला प्रतिभावंत म्हटले. ते खरेच आहे, पण कोणाला प्रतिभावंत म्हटले की पुढे विचार करायचे कामच उरत नाही. म्हणून मला त्याच्या प्रतिभेपेक्षा त्याची उधारीची वही उघडून पाहावीशी वाटते.

वहीचे पहिले पान घरातलेच. लॉस एंजेलिसजवळच्या हॉथॉर्न गावातले हे साधे मध्यमवर्गीय कुटुंब. बाप मरी विल्सन यंत्रांचा छोटा धंदा करी आणि फावल्या वेळात गाणी रची. गाणी फारशी चालली नाहीत. हात मात्र पोरांवर चाले. थोरला ब्रायन याला उजव्या कानाने लहानपणापासून जवळजवळ ऐकू येत नसे. ते बापाच्या माराने झाले की मुळातच तसे होते, याबद्दल वेगवेगळ्या वेळी वेगवेगळे सांगितले गेले. ऐकायला एकच कान, तोही डावा. पण त्या कानात जे शिरले ते आयुष्यभर बाहेर पडले नाही. आजीच्या घरी अगदी तान्ह्या वयात ऐकलेली गर्श्विनची 'ऱ्हॅप्सडी इन ब्लू' आपल्याला आठवते असे तो म्हातारपणीही सांगे, आणि २०१० साली त्याने गर्श्विनच्या रचनांची एक आख्खी ध्वनिमुद्रिका काढून ते देणे फेडले.

१९६१ साली ब्रायन, त्याचे धाकटे भाऊ डेनिस आणि कार्ल, मावसभाऊ-आतेभाऊ काय म्हणाल तो माइक लव्ह आणि मित्र अल जार्डीन अशी मंडळी जमली. गाणी समुद्रावरची, लाटांवर फळी घेऊन स्वार होण्याची, मोटारींची आणि मुलींची. यातली गंमत अशी की फळीवर उभे राहणे त्यांच्यातल्या एकट्या डेनिसलाच येत होते! बाकीच्यांच्या लाटा रेडिओतल्या. १९६३ साली 'सर्फिन यू.एस.ए.' गाजले. त्याची चाल चक बेरीच्या १९५८ सालच्या 'स्वीट लिटल सिक्स्टीन'ची. शब्द नवे, चाल जुनी. बेरीच्या बाजूने तक्रार आली आणि गाण्याचे हक्क व श्रेय त्याच्याकडे गेले. वर्गातल्या मुलांना चोरीचे उदाहरण हवेच असेल तर हे घ्या. कायद्याने ती पकडली, दंड वसूल केला, प्रकरण मिटले. अशी उचल समजायला प्राध्यापक लागत नाही.

पुढच्या पानावरची उधारी मात्र कोणत्याही न्यायालयात सिद्ध होणार नाही. 'फोर फ्रेशमेन' नावाचा एक चौकडा होता. चौघे मिळून गात, पण आपल्या भजनासारखे एका सुरात नव्हे. एकाच क्षणी चार गळ्यांतून चार निरनिराळे सूर निघत आणि त्यांचा मिळून एक घोस होई; घोसही साधा नव्हे, जॅझच्या वळणाचा, थोडा आंबटगोड. शाळकरी ब्रायन त्यांची तबकडी लावी, दोन सेकंद ऐके, सुई उचले, पियानोवर ते सूर शोधी, सापडले की पुन्हा सुई ठेवी. असे तासन् तास. सगळे सूर हाती लागले की घरच्यांना एकेकाचा वाटा शिकवी आणि सर्वांना एकदम गायला लावी. त्या चौकड्यातल्या बॉब फ्लॅनिगनचा सर्वांत वरचा गळा त्याने स्वतःच्या गळ्यात उतरवून घेतला. आपल्याकडे शिष्य गुरूच्या मागे तंबोरा धरून बसतो. याचा गुरू तबकडीत होता आणि त्याला या शिष्याचा पत्ताही नव्हता. एकलव्याची गोष्ट आपण अंगठ्यासाठी लक्षात ठेवतो. त्याआधीची रोजची मेहनत कोणी सांगत नाही.

यानंतर आला फिल स्पेक्टर. हा गायक नव्हे, वादक म्हणूनही नावाजलेला नव्हे. हा ध्वनिमुद्रण करवून घेणारा. लॉस एंजेलिसमधल्या गोल्ड स्टार नावाच्या स्टुडिओच्या बेताच्या खोलीत तो डझन-दीड डझन वादक कोंबी. तीन-तीन गिटारी, दोन-तीन पियानो एकच चीज एकाच वेळी वाजवत. तो सगळा आवाज मग प्रतिध्वनीच्या कोठडीत सोडायचा आणि तिथून परत येईल तो पकडायचा. कानावर येई ते कोणत्याच एका वाद्याचे नसे. डाळ-तांदूळ ओळखू येऊ नये इतकी शिजलेली खिचडी. लोक त्याला 'ध्वनीची भिंत' म्हणत. १९६३ साली स्पेक्टरने मुद्रित केलेले, 'रॉनेट्स' या मुलींनी गायलेले 'बी माय बेबी' मोटारीत जाताना रेडिओवर लागले आणि ब्रायनने गाडी रस्त्याच्या कडेला उभी केली. पुढे ती तबकडी त्याने किती वेळा वाजवली याला गणती नाही. हा स्पेक्टर पुढे खुनाच्या आरोपात दोषी ठरला आणि २०२१ साली कैदेतच मेला. अशा माणसाचे ऋण कबूल करताना पुष्कळांची जीभ अडखळते; ब्रायनची अडखळली नाही. 'पेट साउंड्स'ची आद्याक्षरे फिल स्पेक्टरचीच आहेत, असे त्याने स्वतःच सांगितले आहे.

पण त्याने भिंत घेतली आणि तिला खिडक्या पाडल्या, असे मला वाटते. वादक त्याने स्पेक्टरच्याच ताफ्यातले घेतले. ड्रमवर हॅल ब्लेन, बासवर कॅरोल के, अशी पोटासाठी दिवसाला तीन-तीन ठिकाणी वाजवणारी, वयाने याच्याहून वडील आणि जॅझमध्ये मुरलेली माणसे. तेविशीतला हा पोरगा त्यांच्यापुढे उभा राहून प्रत्येकाचा वाटा गाऊन दाखवी. स्पेक्टरच्या खिचडीत वाद्य हरवते. इथे दोन वाद्ये मिळून तिसरेच एखादे नवे वाद्य जन्माला येते, पण ते स्वच्छ ऐकू येते. 'वुडन्ट इट बी नाइस'च्या सुरुवातीला गिटार एका पट्टीत किणकिणते, ढोलाचा एक दणका बसतो आणि गाणे दुसऱ्याच पट्टीत सुरू होते. तिथे मागे जो धडधडता भरणा आहे तो अ‍ॅकॉर्डियनवाल्यांनी भाता थरथरवून काढलेला. आपल्या पेटीच्या या चुलतभावाकडून असे काम निघेल असे आधी कोणाला वाटले असते?

मुद्रण एकपदरी, म्हणजे दोन्ही कर्ण्यांतून एकच आवाज. स्पेक्टरचाही आग्रह तोच. ब्रायनच्या बाबतीत मात्र आग्रहाबरोबर नाइलाजही होता. ज्याला एकाच कानाने ऐकू येते त्याला डावा-उजवा हा भेद कळणार कसा? म्हणून जवळचे-लांबचे, दाट-विरळ, सगळे त्याला एकाच रेषेवर मांडावे लागले. या तबकडीतली खोली रुंदीतून आलेली नाही. तिचे दुपदरी मिश्रण तयार होऊन लोकांच्या हाती पडायला १९९७ साल उजाडावे लागले. मी दोन्ही ऐकली आहेत. दुपदरीत कारागिरी अधिक दिसते, एकपदरीत गाणे अधिक ऐकू येते.

आता थोडे मागे जाऊ. २३ डिसेंबर १९६४ रोजी ह्यूस्टनला निघालेल्या विमानात ब्रायनला भीतीचा जबरदस्त झटका आला. रडू आवरेना. गावोगाव कार्यक्रम करीत हिंडणे त्याने त्यानंतर सोडले. त्याची जागा आधी ग्लेन कॅम्पबेलने आणि मग ब्रूस जॉन्स्टनने चालवली. मंडळी दौऱ्यावर, हा घरी. बापाला व्यवस्थापक पदावरून त्याच वर्षी दूर केलेले. विशी-बाविशीतल्या माणसाला एवढी शांतता मिळाली की तो एकतर बिघडतो नाहीतर काम करतो. ब्रायनचे दोन्ही झाले, पण आधी काम झाले.

डिसेंबर १९६५ मध्ये त्याच्या हाती बीटल्सची 'रबर सोल' पडली. ती ऐकून तो हादरला. तोवर अशा लांब तबकडीत दोन-तीन गाजलेली गाणी आणि उरलेली भरताड, असाच रिवाज होता. इथे एकही गाणे भरतीचे नाही, सगळ्यांचा रंग एक! याहून सरस तबकडी आपण करून दाखवू, असे त्याने बायकोला सांगितले. हा प्रसंग सगळे सांगतात. पण त्यातली खरी मेख क्वचितच कोणी सांगते. ब्रायनने ऐकली ती अमेरिकेत निघालेली 'रबर सोल'. ती बीटल्सनी इंग्लंडात काढलेली चौदा गाण्यांची तबकडी नव्हतीच. अमेरिकेतल्या कॅपिटॉल कंपनीने त्यातली चार गाणी काढून टाकली, आधीच्या 'हेल्प' या तबकडीतून राहिलेली दोन आत घातली आणि बाराची केली. इंग्लंडात ती 'ड्राइव्ह माय कार'च्या ठसक्याने सुरू होते. अमेरिकेत तेच गाणे गायब आणि दाराशी एक लाकडी गिटारीचे हलकेफुलके गाणे. परिणामी सगळी तबकडी लोकगीताच्या मवाळ रंगात बुडाली. म्हणजे ज्या एकसंधपणाने ब्रायनची झोप उडवली, त्यातला निदान काही भाग कंपनीच्या कोणा कारकुनी कात्रीने तयार झालेला होता. आणि ती कंपनी कोणती? जी बीच बॉइजच्याही तबकड्या काढत होती तीच!

मला हा योगायोग फार बोलका वाटतो. कारण 'पेट साउंड्स'मध्ये 'रबर सोल'ची एकही चाल नाही. त्या तबकडीत जॉर्ज हॅरिसनने सतार छेडली होती आणि तिच्या मागे मग सारे लागले. ब्रायनने सतारीला हातही लावला नाही. चक बेरीकडून त्याने चाल घेतली होती, फ्रेशमेनकडून कान, स्पेक्टरकडून हत्यारे. बीटल्सकडून घेतली ती नुसती ईर्ष्या. आमच्या प्रभावमीमांसेत या ईर्ष्येला रकानाच नाही.

शब्दांसाठी त्याने टोनी ॲशर नावाच्या एका जाहिराती लिहिणाऱ्या तरुणाला बोलावले. कवी नव्हे, जाहिरातवाला! तेरापैकी आठ रचनांत त्याचा वाटा आहे. माझ्यातला मराठीचा मास्तर इथे कान टवकारतो. शब्द अगदी बोलण्यातले आहेत. उपमा-उत्प्रेक्षा शोधूनही सापडणार नाहीत. आपण मोठे असतो तर किती बरे झाले असते, तू अजून माझ्यावर विश्वास ठेवतेस हे कसे, मी या काळासाठी जन्मलोच नाही, अशा साध्या विधानांवर गाणी उभी आहेत. नुसती वहीत लिहून काढली तर एखाद्या कॉलेजच्या भित्तिपत्रकातही त्यांना जागा मिळेल न मिळेल. पण मागचे वाद्यवृंदाचे शिल्प इतके गुंतागुंतीचे आहे की शब्दांनी बाजूला होऊन वाट दिली हेच योग्य झाले. जाहिरातवाल्याला आपला शब्द मालापुढे मिरवायचा नसतो, हे शिक्षण कामी आले असावे.

'यू स्टिल बिलीव्ह इन मी'चा किस्सा तर सांगितलाच पाहिजे. सुरुवातीचे किणकिणते सूर पियानोचे आहेत, पण ते असे काढले: ब्रायन पट्ट्या दाबून धरी आणि ॲशर पियानोच्या पोटात वाकून केसांच्या आकड्याने तारा छेडी. गाणे आधी बालपणावर व्हायचे होते, म्हणून त्यात सायकलची घंटी आणि भोंगा वाजवून ठेवलेला. पुढे विषय बदलला, बालपण गेले, प्रेम आले. पण घंटी आणि भोंगा इतर वाद्यांबरोबर एकाच फितीवर बसलेले, ते काढता येईनात. राहिले तसेच. आज ऐकताना वाटते, प्रियकर आपल्या चुकांची कबुली देतो आहे आणि मागून लहानपणची सायकल जाते आहे. याहून चांगली प्रतिमा ॲशरला ठरवून सुचली नसती.

आणि 'गॉड ओन्ली नोज'. आपल्या संगीतात तंबोरा सुरू झाला की षड्ज पक्का होतो. पुढे गवई कितीही भटकला तरी घर ठाऊक असते. पाश्चात्त्य गाण्यात हे काम बास करतो; स्वरांच्या घोसाचा मूळ सूर तो तळाशी धरतो. ब्रायनने इथे तो सूर तळाशी ठेवलाच नाही; घोसातला भलताच सूर खाली आणि मूळ वर. त्यामुळे गाणे कोणत्या पट्टीत आहे हे शेवटपर्यंत धड ठरत नाही. पायाखालची जमीन आहे, पण एका बाजूला जरा कललेली. त्यावर नायक पहिल्याच ओळीत सांगतो की मी सदैव प्रेम करीनच असे नाही! शब्द आणि स्वर यांची अशी एकवाक्यता फार क्वचित ऐकायला मिळते. सुरुवातीला फ्रेंच हॉर्न, मग घुंगरांचा नाद. गाणे ब्रायनने स्वतःसाठी न ठेवता एकोणीस वर्षांच्या कार्लला दिले. शेवटी दोन-तीन गळे एकच ओळ एकामागून एक धरतात, जुन्या चर्चमधल्या गायनासारखे एकमेकांच्या पाठी धावतात आणि आवाज हळूहळू विरतो. तीन मिनिटांच्या आत सगळे.

बाकीच्या उधाऱ्या झटपट सांगतो. 'लेट्स गो अवे फॉर अव्हाइल' ही बिनशब्दांची रचना बर्ट बॅकरॅकच्या वळणाची. शीर्षकाची रचना जेम्स बाँडच्या एखाद्या चित्रपटात घालता येईल या आशेने केलेली, पत्र्याच्या डब्यांवर ताल धरलेली; मला ती कधीच फारशी भावली नाही. 'आय जस्ट वॉझन्ट मेड फॉर दीज टाइम्स'मध्ये भुतासारखा जो सूर हिंदकळतो तो पॉल टॅनरच्या विजेच्या वाद्याचा. तसले आवाज तोवर लोकांनी ऐकले होते ते भयपटांत नि वेडाच्या प्रसंगांत. ब्रायनने ते एकाकीपणासाठी वापरले. 'स्लूप जॉन बी' हे बहामा बेटांवरचे लोकगीत, अल जार्डीनने सुचवलेले. उत्तम आहे, पण या तबकडीत ते लग्नाला आलेल्या लांबच्या पाहुण्यासारखे वाटते. या तबकडीला कोणी एकाच कथेत ओवू पाहतात. त्या ओवण्यात हा मणी बसत नाही.

मंडळी जपानचा दौरा करून परतली तेव्हा वाद्ये बरीचशी वाजवून झालेली. त्यांनी यायचे आणि गायचे. गाताना एकेका ओळीसाठी त्याने इतकी घासाघीस केली की भाऊबंद रडकुंडीला आले. मग तबकडी निघाली. मुखपृष्ठावर सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयात बकऱ्यांना चारा घालणारी मंडळी. अमेरिकेत ती दहाव्या क्रमांकापर्यंत चढली. इतरांना आनंद झाला असता, बीच बॉइजच्या मानाने ते अपयश. कंपनीने दोन महिन्यांच्या आत त्यांच्या जुन्या लोकप्रिय गाण्यांचा संग्रह बाजारात लोटला. आपल्याच नव्या मालासमोर आपलाच जुना माल! विक्रीचा सोनेरी शिक्का या तबकडीला २००० साली मिळाला.

इंग्लंडात मात्र निराळे घडले. मे १९६६ मध्ये ब्रूस जॉन्स्टन ती घेऊन लंडनला गेला आणि हॉटेलच्या खोलीत त्याने लेनन आणि मॅकार्टनी यांना ती ऐकवली. मॅकार्टनीने पुढे जन्मभर 'गॉड ओन्ली नोज'चे गोडवे गायले आणि त्यातल्या बासचे ऋणही मानले. 'पेट साउंड्स' नसती तर १९६७ सालची 'सार्जंट पेपर' झाली नसती, असे बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन म्हणत. म्हणजे उधारी व्याजासकट परत गेली. पण त्याच ईर्ष्येने ब्रायनचे दिवाळे काढले. 'पेट साउंड्स'वरही मात करायची म्हणून मांडलेला 'स्माइल'चा डाव १९६७ साली मोडला, आणि त्यापाठी मन, शरीर, संसार सगळेच मोडत गेले. ती रचना त्याने पुरी केली २००४ साली. तेव्हा डेनिस समुद्रात बुडून जाऊन वीस वर्षे झाली होती, कार्लला जाऊनही सहा. ईर्ष्येने त्याच्याकडून 'पेट साउंड्स' करवून घेतली, हे मी वर कौतुकाने लिहिले. त्याच ईर्ष्येने पुढे काय केले, तेही त्याच्याच वहीत लिहिलेले आहे.

बापाचे नाव या वहीत शेवटच्या पानावर पुन्हा येते. शेवटचे गाणे 'कॅरोलाइन, नो'. केस कापून, बदलून गेलेल्या मुलीला विचारलेला प्रश्न. मुद्रण झाल्यावर मरी विल्सनने सुचवले की फीत किंचित वेगाने चालव, म्हणजे गळा कोवळा वाटेल. ब्रायनने ते ऐकले. आज तो कोवळेपणा त्या गाण्याचा प्राण आहे. ज्या बापाचे छत्र नको म्हणून त्याला कामावरून काढले, त्याने दिलेला हा एकच सल्ला, आणि तो अचूक. याची नोंद जमेला करायची की खर्चाला, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

ते गाणे संपले की एक आगगाडी धडधडत जाते आणि कुत्री भुंकतात. गाडी बाजारातल्या आवाजांच्या तबकडीतली. कुत्री, बनाना आणि लुई, ब्रायनची स्वतःची. ती भुंकवण्याच्या वेळची फीत पुढे प्रसिद्ध झाली. तिच्यात ब्रायन चक ब्रिट्झ या ध्वनिमुद्रकाला अगदी गंभीरपणे विचारतो की इथे आत एखादा घोडा आणता येईल का. ब्रिट्झला आपण नीट ऐकले की नाही तेच कळत नाही. ब्रायन त्याची समजूत घालतो: घोडा गरीब आहे, काही मोडणार नाही. घोडा काही आला नाही. तबकडीवर कुत्रीच आहेत.